एक बादली पाण्याची परसबाग

परसबाग करावी असे पुष्कळांना वाटते. पावसाळ्याच्या सुरुवातीला बियांच्या पुड्या आणल्या जातात, अंगण खणले जाते, मेथी उगवते, भेंडीला फुले येतात. पुढे फाल्गुन येतो, ऊन तापू लागते आणि चैत्र उजाडेपर्यंत वाफ्यात वाळलेल्या काड्या तेवढ्या उरतात. सोलापुरासारख्या गावी हे चित्र घरोघर दिसते. मग "आमच्या मातीत काही येत नाही", "आमच्याकडे पाणीच नाही" असे म्हणून कुदळ कोपऱ्यात ठेवली जाते.

विद्यार्थी मित्रांनो, दोष खरोखर मातीचा असतो का? की हिशेब चुकलेला असतो? याच सोलापूर जिल्ह्यात विहिरीचे किंवा कालव्याचे थेंबभरही पाणी न देता हजारो एकरांवर ज्वारी पिकते. जी माती ज्वारीला चार महिने पोसते, ती मेथीच्या चार जुड्या का देणार नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आपण पहिली परसबाग कशी करायची ते पाहू.

आधी पाणी मोजा, मग जागा

नवशिका माळी आधी जागा पाहतो आणि मग पाण्याची चिंता करतो. कोरड्या मुलखात याच्या उलट करावे लागते. त्यासाठी एक सोपे माप लक्षात ठेवा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर दिला, तर ते पाणी बरोबर एक लिटर भरते.

वाफ्यातले पाणी दोन वाटांनी हवेत जाते. मातीच्या पृष्ठभागावरून होते ते बाष्पीभवन आणि पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून होतो तो बाष्पोच्छ्वास. थंडीच्या दिवसांत या दोन्हींमुळे भाजीच्या वाफ्यातून रोज सुमारे ४ मिलिमीटर पाणी निघून जाते असे धरा. कडक उन्हाळ्यात हा आकडा दुप्पट होतो किंवा त्याच्याही पुढे जातो. कारण एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचे दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या घरात असते, हवा कोरडी असते आणि वारा वाहत असतो.

आता हिशेब करू. समजा, तुमचा वाफा १ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब आहे. म्हणजे क्षेत्रफळ ३ चौरस मीटर. थंडीत त्याला रोज ३ × ४ = १२ लिटर पाणी लागेल. ही झाली जवळजवळ एक बादली. मे महिन्यात त्याच वाफ्याला २४ लिटर किंवा अधिक लागेल.

हे पाणी कोठून आणायचे? सोलापूर शहरात वर्षानुवर्षे नळाला काही दिवसांआड पाणी येत आले आहे. पिण्याचे पाणी बागेला ओतणे कोणत्याच आईला आवडणार नाही. परंतु भाज्या, डाळ, तांदूळ धुतलेले पाणी मोरीत जातेच. तीन दिवस हे पाणी एका बादलीत साठवून मोजा. रोज १२ लिटर निघत असेल तर थंडीत तुम्ही ३ चौरस मीटरचे मालक आहात. ६ लिटर निघत असेल तर दीड चौरस मीटरचे. त्याहून मोठा वाफा करायचा मोह टाळा. आणि मार्च लागला की वाफा निम्मा करा. चैत्रात बाग वाळते ती बहुतेक वेळा एवढ्यामुळेच, की पाणी तेवढेच राहते, झाडांची तहान दुप्पट होते आणि वाफा मात्र तेवढाच असतो.

जमीन हीच टाकी

तुम्ही म्हणाल, नळ चार दिवसांनी येतो, मग रोज पाणी कसे द्यायचे? रोज देण्याची गरजच नाही. येथे आपल्याला ज्वारीकडून धडा घ्यायचा आहे.

सोलापूरला पाऊस कमी आणि लहरी. त्यातही त्याचा मोठा भाग पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबर महिन्यात पडतो. शेतकरी पावसाळाभर रान तयार ठेवतो, पाणी मातीत मुरू देतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रब्बी ज्वारी पेरतो. त्यानंतर पाऊस जवळजवळ संपतो. तरीही ज्वारी वाढते, निसवते, कणसे भरतात. कारण तिचे पाणी जमिनीत साठवलेले असते. एक मीटर खोल काळ्या मातीत पिकाला वापरता येईल असे साधारणपणे १५० ते २०० मिलिमीटर पाणी मावते. या कामासाठी शेतकऱ्यांना आवडलेली 'मालदांडी' ज्वारी याच जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवड पद्धतीने तयार झाली.

पावसाचे पाणी जमिनीत अडवावे कसे आणि टिकवावे कसे, याचा शास्त्रीय अभ्यास करण्यासाठी १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. उतारावरून पावसाबरोबर किती पाणी आणि किती माती वाहून जाते याची मोजमापे तेथे झाली. बांध घालणे, उतारास आडवी मशागत करणे, वेळेवर कोळपणी करणे या गोष्टींचा उपयोग आकड्यांनी दाखविण्यात आला. त्यातले पुष्कळसे ज्ञान तीन मीटरच्या वाफ्यालाही लागू पडते.

पालेभाज्यांची बहुतेक मुळे वरच्या एका फुटात, म्हणजे ३० सेंटिमीटरांत असतात. एवढ्या काळ्या मातीत ४५ ते ६० मिलिमीटर उपयोगी पाणी मावते. आपल्या ३ चौरस मीटरच्या वाफ्यात हे झाले १३५ ते १८० लिटर. रोजचा खर्च १२ लिटर. साठा निम्मा संपला की रोपाला ताण जाणवू लागतो. तेव्हा निम्म्याच साठ्याचा भरवसा धरला तरी थंडीत पाच-सहा दिवस सुखाने जातात. म्हणून रोज वरवर शिंपडण्यापेक्षा पाचव्या दिवशी ६० लिटर पाणी सावकाश मुरवणे चांगले. शिंपडलेले पाणी वरच्या दोन बोटांतच राहते आणि उन्हाने उडून जाते. शिवाय मुळेही ओल शोधत वरच घुटमळतात. खोल पाणी दिले की मुळे खोल जातात. उगवणीचे पहिले आठ-दहा दिवस मात्र अपवाद आहेत. तेव्हा मुळे नखाएवढी असतात, म्हणून वरचा थर ओलसर ठेवावाच लागतो.

आपली माती ओळखा

दख्खनचे पठार लाव्हारसापासून झालेल्या काळ्या खडकाचे आहे. हा बेसाल्ट झिजून काळी माती बनली. तिच्यातील चिकणमातीचे कण अतिशय बारीक आणि पापुद्र्यांसारखे असतात. पापुद्र्यांच्या मधल्या जागेत पाणी शिरले की माती फुगते. पाणी गेले की आकसते. म्हणूनच उन्हाळ्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी धरून ठेवण्याचा गुण आणि भेगाळण्याचा दोष, दोन्ही एकाच रचनेतून येतात.

तुमच्या अंगणात मात्र काळी मातीच असेल असे नाही. कोठे मुरूम असतो, कोठे बांधकामाचा राडारोडा. हे ओळखण्यासाठी काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती भरा, वर पाणी ओता, झाकण लावून जोराने हलवा आणि बरणी ठेवून द्या. रेती एका मिनिटात तळाशी बसते, पोयटा दोन-तीन तासांत, तर चिकणमाती बसायला एक दिवस किंवा अधिक लागतो. तीन थरांची जाडी पट्टीने मोजा. रेतीचा थर जाड असेल तर तुमची 'टाकी' लहान आहे. अशा मातीला थोडे थोडे पाणी एक दिवसाआड द्यावे लागेल आणि कंपोस्टही जास्त घालावे लागेल.

दुसरी परीक्षा चुन्याची. कोरड्या मातीवर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसले तर मातीत चुनखडी आहे. सोलापूरच्या काळ्या मातीत पांढरे खडे दिसतात ते हेच. अशी माती अल्कधर्मी असते. तिच्यात लोह भरपूर असले तरी ते न विरघळणाऱ्या रूपात राहते आणि मुळांना घेता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्याच राहतात. घरचे लोक म्हणतात, "पाणी कमी पडले," आणि आणखी पाणी ओततात. त्याने मुळांची हवा कोंडते आणि पिवळेपणा वाढतो. खरा उपाय कुजलेल्या सेंद्रिय खताचा. ते कुजताना जी आम्ले तयार होतात ती लोहाला विरघळण्यास मदत करतात.

करून पाहा : साबणाचे पाणी का नको?

दोन पेल्यांत सारखे पाणी घेऊन प्रत्येकात एक चमचा काळी माती ढवळा. एका पेल्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाका, दुसऱ्यात चिमूटभर तुरटीची पूड. पुन्हा ढवळून ठेवा. तुरटीच्या पेल्यातील पाणी लवकर निवळेल. सोड्याच्या पेल्यातील पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसेल.

याचे कारण असे. मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो. तुरटीतील अ‍ॅल्युमिनियमचे धनभारित आयन त्यांना जवळ आणतात आणि कणांचे पुंजके होतात. मातीत मुळातच असणारे कॅल्शियमही हेच काम करते. सोडियमचे आयन मात्र दुबळे पडतात आणि कण सुटे होऊन पसरतात. सुटे कण मातीतील पोकळ्या बुजवतात. मग पाणी मुरत नाही, वाळल्यावर वर कडक पापुद्रा धरतो. कपडे धुण्याच्या पुडीत सोडियमचे क्षार असतात, म्हणून ते पाणी वाफ्याला देऊ नका. मिठाचे पाणीही नको. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी खुशाल द्या.

वाफा तयार करणे

प्रथम उन्हाची नोंद घ्या. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला अंगणात जाऊन कोठे ऊन, कोठे सावली हे वहीत मांडा. टोमॅटो, वांगी, भेंडी यांना निदान पाच-सहा तास ऊन हवे. मेथी, पालक, कोथिंबीर तीन-चार तासांवरही भागवतात.

जागा एक वीतभर खणा. काळी माती चिकट ओली असताना खणू नका, तिची ढेकळे विटांसारखी वाळतात. अगदी कोरडी असेल तर कुदळ लागत नाही. मूठभर माती दाबून गोळा करा आणि बोटाने टोचा. गोळा सहज फुटला तर वाफसा आला असे समजा. हीच खणण्याची वेळ. दर चौरस मीटरला दोन-तीन घमेली चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा.

पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी साचून मुळे गुदमरतात, म्हणून त्या काळात गादीवाफा करावा, म्हणजे वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवावा. थंडी-उन्हाळ्यात उलट सपाट वाफा आणि त्याला चारी बाजूंनी बोटभर उंच वरंबा हवा, म्हणजे दिलेले पाणी बाहेर पळणार नाही. वाफा मीटरभरच रुंद ठेवा. दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि आत पाय देऊन माती दाबली जात नाही.

काय पेरावे, केव्हा पेरावे

नवशिक्याने मृगाच्या पावसाबरोबर सुरुवात करण्यापेक्षा सप्टेंबर अखेरीस करावी. ऊन सौम्य होत जाते, मातीत ओल असते, तण आणि कीड कमी होत जाते. पहिल्या वर्षी चारच पिके पुरेत : मेथी, पालक, मुळा आणि कोथिंबीर. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात कापणीस येते. कोथिंबिरीला उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, धीर सोडू नका. अख्खा धणा हे फळ असून त्यात दोन बिया असतात. म्हणून धणे हलके रगडून, दोन डाळी करून पेरावेत. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोलीवर टाकावे. जास्त खोल गेले तर बियातील शिदोरी वाटेतच संपते.

सगळा वाफा एकाच दिवशी पेरू नका. तीन भाग करून दहा-दहा दिवसांच्या अंतराने पेरा, म्हणजे घरात एकदम ढीग न येता सतत भाजी येत राहील.

उन्हाळ्याच्या तोंडी, फेब्रुवारीत, निम्म्या वाफ्यात गवार आणि चवळी लावा. ही काटक पिके आहेत. महिन्याभराने चवळीचे एक रोप ओल्या मातीतून अलगद उपटा. मुळांवर गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग असेल तर तेथील रायझोबियम जीवाणू कामात आहेत. ते हवेतील नत्र रोपाला वापरता येईल अशा रूपात आणतात आणि रोप त्यांना साखर पुरवते. म्हणून चवळी संपल्यावर झाड मुळासकट न उपटता बुंध्याशी कापावे.

जागा असेल तर कुंपणाशी एक शेवगा आणि एक कढीपत्ता लावा. शेवगा फांदीपासून येतो आणि पाण्यावाचूनही तग धरतो. सोलापूरचे नाव डाळिंबाशी जोडलेले आहे. २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र येथे सुरू झाले आणि २०१६ साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. अंगणात मुरमाड, निचऱ्याची जमीन असेल तर डाळिंब जरूर लावा. भारी काळ्या मातीत मात्र ओल एकदम कमी-जास्त झाली की फळे तडकतात. म्हणजे ज्या जमिनीला आपण हलकी म्हणून नाक मुरडतो, तीच कोणाला तरी मानवते.

ओल कशी राखावी?

कोरडवाहू शेतकरी म्हणतात, एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी. यामागे शास्त्र आहे. मातीच्या कणांमधील बारीक पोकळ्या केसासारख्या नळ्यांचे काम करतात आणि केशाकर्षणाने खालची ओल वर चढते. खुरप्याने वरचा थर हलका केला की या नळ्या तुटतात आणि भेगाही बुजतात. पाणी दिल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाफसा येताच वाफा खुरपून घ्या.

दुसरा उपाय आच्छादनाचा. वाळलेली पाने, कडब्याचे तुकडे आणि शेंगांची टरफले मातीवर दोन बोटे जाड पसरा. शेंगाचटणीच्या गावात टरफलांना काय तोटा? आच्छादनाखाली माती थंड राहते आणि तण उगवत नाही.

तिसरा उपाय फार जुना आहे. बिनझिलईचे मातीचे मडके गळ्यापर्यंत वाफ्यात पुरतात, पाण्याने भरतात आणि झाकण ठेवतात. मडक्याच्या सच्छिद्र भिंतीतून पाणी झिरपते. माती ओली असेल तर झिरपणे मंदावते, कोरडी झाली की वाढते. झाड जणू मागेल तसे पाणी मिळते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी चीनमधील फान शंगझी यांच्या शेतीविषयक ग्रंथात या पद्धतीचे वर्णन आहे. टोमॅटो, मिरची, दोडका यांच्या चार रोपांमध्ये एक मडके पुरेसे होते.

पावसाचाही हिशेब करून पाहा. २० चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी होते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ८,००० लिटर उरते. एवढी टाकी कोणाकडे असणार? म्हणून पन्हळीचे पाणी चर काढून वाफ्याकडे आणि झाडांच्या आळ्यांत मुरवा. एखादे पिंप भरून ठेवले तर डास होऊ नयेत म्हणून त्यावर फडके घट्ट बांधा.

खत आणि कीड

खत विकत आणण्याची गरज नाही. तळाला भोके पाडलेल्या जुन्या डब्यात एक भाग भाजीचे देठ-साली आणि दोन भाग वाळका पाला असे थर द्या, मधूनमधून मूठभर माती टाका, आठवड्याला एकदा हलवा. जीवाणूंना ओल्या कचऱ्यातून नत्र आणि वाळक्यातून कार्बन मिळतो. घाण वास आला तर हवा कमी पडली असे समजा आणि वाळका पाला वाढवा. दोन-तीन महिन्यांत मातीसारखा वास असलेले खत मिळेल. अर्धवट कुजलेले घालू नका. ते कुजवणारे जीवाणू मातीतला नत्र स्वतःच खातात आणि रोपे उपाशी राहतात.

मावा दिसताच फवारणीला धावू नका. पानावर लाल-ठिपकेदार ढालकिडे आहेत का ते आधी पाहा. त्यांचे आणि त्यांच्या अळ्यांचे मावा हेच अन्न. मावा फारच वाढला तर ५० ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारा. निंबोळीतील अझाडिरॅक्टिन या द्रव्याने किडींची भूक मंदावते आणि त्यांची कात टाकण्याची क्रिया बिघडते.

अंगण नसेल तर?

कुंड्या, जुने डबे, गोण्या यांतही भाजी येते. तळाला भोके तेवढी हवीत. पण वजनाचा विचार करा. एक चौरस मीटर जागेवर १५ सेंटिमीटर जाडीचा ओल्या मातीचा थर दिला तर त्याचे वजन अडीचशे किलोग्रॅमच्या आसपास जाते. जुन्या माळवदावर किंवा पत्र्यावर असा भार मुळीच ठेवू नका. माळवदाला वजनाइतकीच ओलही घातक असते. सिमेंटच्या छतावरही कुंड्या भिंतींच्या वरच्या बाजूस, कडेने मांडा आणि मोठ्यांना विचारूनच मांडा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी जुन्या पातळाची सावली करा, कारण कुंडीतली माती चारी बाजूंनी तापते.

बागेची वही

गणिताचे अध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. त्यामागची दृष्टी अशी की, शेतकऱ्याने आपल्या रानात स्वतः प्रयोग करावा, मोजावे आणि अनुभव दुसऱ्याला सांगावा. तुमचा वाफा हीही एक प्रयोगशाळाच आहे. वहीत चार रकाने आखा : तारीख, दिलेले पाणी, केलेले काम, दिसलेला बदल. वाफ्याच्या एका अर्ध्यावर टरफले पसरा, दुसरा अर्धा उघडा ठेवा. दोन्हीकडे मेथी त्याच दिवशी पेरा, पाणी सारखे द्या आणि कापणीला दोन्ही जुड्या तराजूत घाला.

कोणती जड भरली? किती? पाणी एक दिवस उशिरा दिले असते तर फरक वाढला असता की कमी झाला असता? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही पुस्तकात तयार मिळणार नाहीत, कारण तुमच्या अंगणातील माती, ऊन आणि पाणी यांचा मेळ दुसरीकडे कोठेही नाही. आज संध्याकाळी मोरीजवळ एक बादली ठेवा आणि मोजायला सुरुवात करा.